स्टॅम्पपेपरवरच्या बांगड्या

2009 च्या पावसाळ्यात मावशीचे यजमान गेले. तिरडी बांधून झाली होती. गाडी कुणाची, लाकडं कुठून, हे फोनवर ठरवत मी दारात उभा होतो. आत मावशीभोवती बायकांचं कडं. माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, तिचं मनगट पाटावर घट्ट धरलं आणि शेजारच्या एका आजीनं दगडानं बांगड्या फोडल्या. हिरव्या काचेचा एक तुकडा उडून माझ्या चपलेपाशी आला. कुणाच्या पायात जायला नको म्हणून मी तो बाजूला सारला. त्या दिवशी मी केलेलं समाजकार्य तेवढंच.

अज्ञान म्हणावं तर तसंही नव्हतं. 1856 चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा, महर्षी कर्वे, सगळं मला तोंडपाठ होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बायकांच्या कड्यात शिरून ‘थांबा’ म्हणणं वेगळं.

या दोहोंतलं अंतर किती असू शकतं ते न्यायमूर्ती रानड्यांनी आधीच दाखवून ठेवलंय. विधवाविवाहाचा एवढा मोठा पुरस्कर्ता, पण 1873 मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या शब्दाबाहेर जाता आलं नाही. लग्न झालं ते 11 वर्षांच्या रमाबाईंशी. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवलं, आणि रमाबाई केवढ्या उंचीला गेल्या हे आपण जाणतोच. तरीही लोकांनी रानड्यांना बोल लावायचं सोडलं नाही, आणि लोक चुकत होते असं मला वाटत नाही. फक्त 2009 नंतर रानड्यांना हसायचा माझा हक्क गेला.

वीस वर्षांनी, 1893 मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. त्यांच्या गावानं, मुरूडनं, बहिष्कार घातला. विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी कर्व्यांनी काढली ती त्याच वर्षी, आणि हिंगण्याचा आश्रम त्यानंतरचा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लोकांना सांगायला निघाले तेव्हा त्यांच्या घरात ते आधीच घडलेलं होतं.

आणि आपण ज्यांना सहज विसरतो ते मुंबईचे न्हावी. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं 1890 मध्ये त्यांनी ठरवलं, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. शास्त्रार्थाचा वाद त्यांनी पंडितांवर सोडला. वस्तरा आपला, तो कुणाच्या डोक्यावर चालवायचा हे आपण ठरवू, इतका सरळ हिशेब. इतका साधा आणि इतका पक्का नकार आपल्या सुधारणेच्या इतिहासात मला फारसा आढळत नाही.

आता अलीकडचं. कोरोनाच्या पहिल्या लाटेत करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला गेले. तिथं त्यांनी तेच पाहिलं जे मी दारातून पाहिलं होतं. पण त्यांनी पुढे काही केलं. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत. बघता बघता आणखी काही पुरुष त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मग कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड पुढे आलं. 4 मे 2022 रोजी ग्रामसभेनं ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. दोन दिवसांनी राजर्षी शाहूंच्या निधनाला शंभर वर्षं होत होती. 1917 मध्ये आपल्या संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा करणाऱ्या राजाला याहून बरी आदरांजली सुचणं अवघड. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढलं, की इतर गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा. कित्येक गावांनी गिरवलाही.

पण ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. मोडला तर दंड नाही, शिक्षा नाही. ठरावाला हात वर करताना माणूस सभेत असतो, आजूबाजूला चार जण असतात. बांगड्या फुटतात त्या स्वयंपाकघराच्या दारात, रडारडीत, आणि दगड उचलणारी आजी वाईट बाई नसते. तिच्या स्वतःच्या बांगड्याही कधीतरी अशाच फुटलेल्या असतात. ग्रामपंचायत तिथं पोचत नाही. पोचलंच तर मनगट धरणारं माणूस पोचतं, नाहीतर कुणीच नाही.

हेरवाडची बातमी वाचली त्या रात्री मीही वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. पान बायकोपुढे धरलं. तिनं वाचून परत दिलं. “माझ्याकडे काय देता? त्या दिवशी मला कोण विचारणार आहे? ताईंकडे द्या. मनगट त्याच धरतील.”

ते पान ताईच्या हाती द्यायला मला दोन महिने लागले. मावशीच्या घरातल्या त्या सकाळबद्दल आम्ही भावंडं कधी बोललोच नव्हतो. तिनं चष्मा लावला, दोनदा वाचलं, घडी घातली.

“स्टॅम्पपेपरवर का नाही केलंस?” म्हणाली.