गोंदण पुसण्याचा धंदा : भांडवल घालण्यापूर्वी हिशेब मांडा

पुण्याच्या बुधवार पेठेत लक्ष्मी रोड, तापकीर गल्ली किंवा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास ज्याच्या ताब्यात एखादा गाळा वा पहिल्या मजल्यावरची खोली आहे, त्याला आज नव्या धंद्यांच्या नाना योजना ऐकवल्या जातात. विजेच्या सामानाचे दुकान, पुस्तकांचा गाळा, कापडाचा ठेला यांतली नफ्याची टक्केवारी घसरत चालली आहे. मुलगा शिकलेला आहे, पण वडिलांच्या गादीवर बसायला तयार नाही. अशा वेळी कोणीतरी येऊन सांगतो, "लेसरचे यंत्र घ्या, गोंदण पुसण्याचे केंद्र काढा. टॅटू काढणारे वाढले, म्हणजे पुसणारेही वाढणारच." बोलणे पटण्यासारखे आहे. पण यात घरातली शिल्लक, कधी बायकोचे दागिने, कधी भावांची सामाईक रक्कम गुंतणार असते. म्हणून या धंद्याचे अंग-अंग तपासून पाहावे, या हेतूने आम्ही ही माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गिऱ्हाईक कोण?

गोंदण ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. जत्रेत, बाजारात गोंदणारी बाई बसे आणि कपाळावर, हनुवटीवर, हातावर हिरवट ठिपके उमटवून देई. पुढे विजेचे यंत्र आले. त्याचे पहिले पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांना १८९१ साली मिळाले होते. आज शहरातली तरुण मुले हौसेने दंडावर, मानेवर चित्रे काढून घेतात. आपल्या धर्मात गोंदून घेण्यास मनाई आहे, हे वाचकांना सांगायला नकोच. तरीही कोवळ्या वयात संगतीने हातावर नाव कोरून घेतलेले आणि आता ते नकोसे झालेले तरुण आपल्या मोहल्ल्यांतही सापडतात.

पुसून घ्यायला येणाऱ्यांचे साधारण चार वर्ग पडतात. पहिला, लग्न ठरलेले किंवा जुने नाते तुटलेले. दुसरा, कपाळावरचे वा हनुवटीवरचे जुने गोंदण नको असलेल्या स्त्रिया. तिसरा, नोकरीत अडचण येणारे. चौथा वर्ग पुण्यासारख्या शहरात विशेष महत्त्वाचा आहे, तो म्हणजे लष्कर आणि निमलष्करी दलांत भरती होऊ पाहणारी मुले. लष्कराच्या भरतीत कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंतचा आतला भाग आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचे गोंदण चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतही जागेची अट आहे आणि गोंदण त्या अवयवाच्या चौथ्या भागाहून लहान असावे लागते.

म्हणजे मागणी खरी आहे. परंतु ही मुले भरतीची तारीख महिन्यावर आली की धावत येतात, आणि गोंदण महिन्यात निघत नाही. येथूनच या धंद्याचे खरे स्वरूप कळू लागते.

यंत्र काय करते?

गोंदणाची शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, त्याखालच्या थरात असते. म्हणून ती घासून जात नाही. पूर्वी मीठ घासणे, तेजाब लावणे, कातडी खरवडणे किंवा तेवढा तुकडा कापून टाके घालणे असे उपाय केले जात. त्यात शाईच्या जागी व्रण उरे. लेसरचा शोध १९६० साली लागला आणि त्याच दशकात अमेरिकेतील डॉ. लिऑन गोल्डमन यांनी त्याचा गोंदणावर प्रयोग केला. खरी दिशा मिळाली ती १९८३ साली. अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले की प्रकाशाचा रंग आणि झोताचा वेळ नेमका निवडला, तर आजूबाजूची कातडी न भाजता फक्त हवा तो कण फोडता येतो.

आज दवाखान्यांत प्रामुख्याने 'क्यू-स्विच्ड एनडी-याग' जातीचे लेसर वापरतात. त्याचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतकाच टिकतो. शाईचा कण त्या धक्क्याने फुटतो आणि शरीरातील पेशी ते बारीक तुकडे हळूहळू वाहून नेतात. 'पिको' नावाची यंत्रे याहूनही आखूड झोत सोडतात. त्यांतल्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली.

यातली व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की शाई यंत्र काढत नाही, शरीर काढते. शरीराला वेळ लागतो. म्हणून दोन बैठकींत सहसा सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवतात आणि सहा, आठ, कधी दहा बैठका लागतात. काळी शाई लवकर दाद देते, हिरवी आणि पिवळी हट्टी असते. पांढरी किंवा कातडीच्या रंगाची शाई तर लेसरने उलट काळी पडू शकते.

दुसरी गोष्ट आपल्या कातडीची. आपला वर्ण सावळा आहे आणि कातडीतील रंगद्रव्यही लेसरचा प्रकाश शोषून घेते. १०६४ नॅनोमीटरचा झोत सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित असतो. लाल रंगासाठी वापरला जाणारा ५३२ नॅनोमीटरचा झोत अडाणी हातात गेला, तर पांढरे वा काळे डाग पडतात, फोड येतात. शिवाय १०६४ चा झोत डोळ्यांना दिसत नाही. तो चुकून डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. त्या त्या झोतासाठी बनवलेले चष्मे चालवणाऱ्याला, गिऱ्हाइकाला आणि खोलीतल्या प्रत्येकाला लागतात.

म्हणून हे केस कापण्याच्या दुकानासारखे काम नव्हे. चार दिवसांचे शिक्षण घेऊन मुलगाच यंत्र चालवील, असे विक्रेता सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर हा या धंद्याचा पाया आहे. यंत्र त्याच्यानंतर येते.

आकडे काय सांगतात?

आता वहीत हिशेब मांडू. पुढील आकडे नमुन्याचे आहेत. वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालून पाहावेत.

समजा, यंत्र, खोलीची डागडुजी, वातानुकूलन आणि विजेची सोय मिळून १५ लाख रुपये लागले. दरमहा भाडे ३५ हजार, परिचारिका १८ हजार, वीज व औषधसामान १२ हजार, यंत्राच्या देखभालीचा करार १० हजार आणि किरकोळ १५ हजार, असा एकूण ९० हजार रुपये खर्च झाला. एका बैठकीचे २,५०० रुपये घेतले आणि त्यातले १,००० रुपये डॉक्टरांना दिले, तर हाती १,५०० रुपये राहतात.

केवळ मासिक खर्च भागवायला ६० बैठका हव्यात. यंत्र पाच वर्षांत जुने होणार असे धरले, तर त्याची झीज महिन्याला २५ हजार रुपये होते. ती धरून ७७ बैठका हव्यात. एवढे करूनही मालकाच्या हाती रुपया नाही. घरी ४० हजार रुपये न्यायचे तर १०४ बैठका पाहिजेत.

दिवसाला तीन-चार बैठका म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण एकच माणूस दोन महिन्यांनी पुन्हा येणार. प्रत्येकाच्या सहा बैठका धरल्या तर ७७ बैठकींसाठी दरमहा १३ नवीन गिऱ्हाइके हवीत, आणि पहिल्या महिन्यात बैठकाही १३ च होतील. दुसऱ्या महिन्यात १३, तिसऱ्या-चौथ्यात २६, पाचव्या-सहाव्यात ३९, सातव्या-आठव्यात ५२. अशा चढत्या क्रमाने ७८ चा आकडा अकराव्या महिन्यात दिसतो. पहिल्या आठ महिन्यांत खिशातून जाणारी रक्कम होते ३ लाख ३० हजार. ही रक्कम यंत्राच्या किमतीव्यतिरिक्त बाजूला ठेवलेली नसेल, तर चालता धंदा मधेच बंद पडतो.

त्यातही दुखते म्हणून, पैसे संपले म्हणून किंवा लग्न पार पडले म्हणून लोक मधेच सोडून जातात. सरासरी सहाऐवजी तीनच बैठका झाल्या, तर दरमहा १३ नव्हे, २६ नवीन माणसे लागतील. विक्रेत्याच्या कागदावर हा आकडा कधीच नसतो.

यावर उपाय एकच दिसतो. फक्त गोंदणासाठी यंत्र घेऊ नये. हेच लेसर काही जन्मखुणा आणि डागांवरही डॉक्टरांच्या सल्ल्याने चालते. आधीच चालू असलेल्या त्वचारोग दवाखान्याशी भागीदारी केली, तर भाडे आणि परिचारिकेचा खर्च वाटला जातो आणि सुरुवातीचे कोरडे महिने निभावतात.

कायदा आणि कागदपत्रे

वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. म्हणून यंत्र घेताना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या परवान्याची प्रत, मूळ बिल आणि देखभालीचा लेखी करार मागावा. परदेशातून सुटे मागवलेले स्वस्त यंत्र बिघडले तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही, आणि कोणाची कातडी भाजली तर न्यायालयात उभे राहायला कागदही राहत नाही.

दवाखान्यातील कचऱ्याला २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू होतात. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. आरोग्यसेवा जीएसटीतून मुक्त असली, तरी निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांना ती सूट मिळत नाही. वरच्या हिशेबात महिन्याला ७७ बैठका म्हणजे वर्षाची उलाढाल २३ लाख १० हजार होते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. तेव्हा करसल्लागाराला आधीच विचारावे.

व्यापारी सवयीचे आणखी दोन मार्ग येथे बंद आहेत. टॅटूवाल्याने गिऱ्हाईक पाठवले म्हणून त्याला दलाली देणे आणि डॉक्टरांच्या नावाने गिऱ्हाईक खेचणाऱ्या जाहिराती करणे, या दोन्ही गोष्टी २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत बसत नाहीत. नोंदणी जाण्याचा धोका डॉक्टरांना असतो, आणि डॉक्टर गेले की केंद्र बंद.

जागेचा विचार

बुधवार पेठ मोक्याची आहे यात शंका नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून मंडई आणि कसबा पेठ ही स्थानके पायी अंतरावर आली आहेत. स्पर्धा परीक्षेची मुले पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात येतातच. पण जुन्या वाड्यातली वायरिंग यंत्राचा भार पेलते का, व्होल्टेज स्थिर राहते का, जिन्यातली धूळ आत येते का, हे आधी पाहावे. गणेशोत्सवात येथले रस्ते बंद असतात. त्या दिवसांच्या तारखा कोणाला देऊ नयेत.

पेठेच्या एका भागात वेश्यावस्ती आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. घरंदाज स्त्रिया यायला कचरतील, म्हणून स्वतंत्र प्रवेश, पडदा आणि स्त्री-परिचारिका हवी. परंतु त्या वस्तीतली एखादी बाई हातावरचे नाव पुसायला आली, तर तिला इतरांच्याच रांगेत, इतरांच्याच अदबीने बसवावे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला 'होमबॉय इंडस्ट्रीज' ही संस्था गुन्हेगारी टोळ्यांतून बाहेर पडलेल्यांची गोंदणे विनामूल्य काढून देते, कारण कातडीवरची खूण नव्या आयुष्याच्या आड येते. आपल्याकडेही महिन्यातल्या काही बैठका अशा गरजूंसाठी राखता येतील. त्यांचा खर्च सुरुवातीपासून हिशेबात धरावा, म्हणजे पुढे हात आखडता घ्यावा लागणार नाही.

पैसा कसा घालावा?

या धंद्याच्या नावाने "दोन लाख द्या, दरमहा ठरलेली रक्कम घ्या" असे कोणी म्हणाले, तर त्या वाटेला जाऊ नये. ठरलेला परतावा ही भागीदारी नव्हे. बंगळुरूच्या 'आयएमए' कंपनीत हलाल नफ्याच्या आशेने हजारो मुस्लिम कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी ठेवली आणि जून २०१९ मध्ये तिचा डोलारा कोसळला. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदाही त्याच वर्षी झाला.

नफ्या-तोट्यात दोघांचा वाटा असणारी मुशारकत हाच येथे योग्य मार्ग आहे. करार लेखी असावा. यंत्र कोणाच्या नावावर, डॉक्टर सोडून गेल्यास काय, इजा झाल्यास भरपाई कोण देणार आणि हिशेब किती दिवसांनी दाखवायचा, या चार बाबी त्यात स्पष्ट लिहून नोंदणी करावी. भावाभावांतही हे टाळू नये.

आमचा सल्ला असा. ज्याच्याकडे डॉक्टर भागीदार आहे, वर्षभर घर चालवायला दुसरे उत्पन्न आहे आणि उधारीवर यंत्र घ्यावे लागणार नाही, त्याने या धंद्याचा जरूर विचार करावा. या तिन्हींपैकी एकही गोष्ट कमी असेल, तर सध्या चालू दुकान सांभाळावे. आणि गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी लिहून द्यावे की किती बैठका लागतील, किती खर्च येईल आणि पुसट खूण राहू शकते. "एका बैठकीत साफ" असे सांगणारा पहिल्या महिन्यात कमावतो आणि सहाव्या महिन्यात पेठ सोडून जातो.