तिथीचा वाढदिवस

आपल्या घरांतील लहान मुलांस वाढदिवस दोन असतात. एक शाळेच्या दाखल्यावरील तारखेचा. त्या दिवशी मित्र येतात, केक कापला जातो. दुसरा आजीच्या पंचांगातला. त्या दिवशी अभ्यंगस्नान, औक्षण, तीळ-गूळ घातलेले दूध आणि अश्वत्थाम्यापासून परशुरामापर्यंत सात चिरंजीवांचे स्मरण. हा दुसरा दिवस हुबळी-धारवाडच्या आपल्या घरांतूनही मागे पडत चालला आहे. त्याचे कारण अनास्था नसून गैरसोय हे असावे, असे आम्हांस वाटते. तारीख ठरलेली असते. तिथी मात्र दर वर्षी पंचांगात शोधावी लागते.

पाच-सहा वर्षांचे मूल नेमके येथेच विचारते : माझा वाढदिवस पळतो कसा? ह्यावर ‘तुला नाही कळायचे’ असे म्हणणे म्हणजे हातचा ठेवा टाकून देणे होय.

रथसप्तमीचेच उदाहरण घेऊ. पंडित भीमसेन जोशी यांचा जन्म तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील, आता गदग जिल्ह्यात गेलेल्या भागातला. तारीख ४ फेब्रुवारी १९२२, तिथी रथसप्तमी. २०२२ साली जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा रथसप्तमी ७ फेब्रुवारीस आली. पुढच्या वर्षी ती २८ जानेवारीस, २०२४ मध्ये १६ फेब्रुवारीस आणि २०२५ मध्ये पुन्हा बरोबर ४ फेब्रुवारीस आली. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी येणारा अधिक मास तिला पुन्हा पुढे ढकलतो. एकोणीस वर्षांनी तारीख व तिथी परत भेटतात. फार तर एखाद्या दिवसाचा फरक.

मुलास एवढा हिशेब नको. त्यास संध्याकाळी अंगणात न्यावे. शुद्ध सप्तमीस दिवस मावळताना अर्धा चंद्र माथ्यावर असतो. “तू जन्मलास त्या दिवशीही चंद्र एवढाच होता,” असे त्यास सांगावे. तारखेच्या वाढदिवसास ही सोय नाही. वद्य पक्षातल्या मुलास उशिरापर्यंत जागावे लागेल किंवा पहाटे उठावे लागेल, आणि त्याची मौज निराळीच. अमावास्येच्या बाळाने चांदण्या मोजाव्यात.

रथसप्तमी हा बोरन्हाणाचाही शेवटचा दिवस. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओघळणारी बोरे, चुरमुरे, उसाचे करवे. शेजारच्या कन्नड घरातून आलेले कुसुरेळ्ळु. सकाळी तुळशीपुढे गोवऱ्यांवर दूध मुद्दाम उतू घालवतात. एरवी दूध उतू गेले की घरात आरडाओरडा. आज आई स्वतः शांतपणे बघत उभी राहते! मुलाच्या चेहऱ्याकडे तेव्हा पाहावे.

मुलाच्या नवलाईला आवर घालावा की वाट द्यावी, हा प्रश्न जोशी मास्तरांपुढेही होता. रस्त्याने भजन किंवा वाजंत्री गेली की लहानगा भीमसेन मागोमाग निघून जाई, आणि थकला की कोठेही झोपी जाई. त्रासलेल्या वडिलांनी अखेर त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले, असे सांगतात. सापडणाऱ्याने घरी आणून पोहोचवावे, एवढीच तजवीज. अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात निघालेला हाच मुलगा पुढे हुबळीजवळच्या कुंदगोळास सवाई गंधर्वांकडे शिकला.

नवे पंचांग घरी आले की मुलाची तिथी शोधण्याचे काम मुलासच द्यावे. वाचता येत नसेल तर आजीने त्याचे बोट धरून ते त्या रकान्यावर ठेवावे. एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत ते पुण्यास किंवा बंगळूरास शिकावयास गेलेले असेल. त्या दिवशी फोन करून सांगावे, की आज दोन्ही वाढदिवस एकत्र आले आहेत, तेव्हा वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन चंद्र पाहून ये.