उस्तादांनी वाटलेला सूर

रमजानच्या रात्री मंगरूळपीरच्या मशिदींत तरावीहची नमाज सुरू असते. पुढे उभे असलेले हाफिजसाहेब कुरआन तोंडपाठ म्हणतात. मागे उभा असलेला दुसरा हाफिज कान देऊन ऐकतो, एखादा शब्द चुकला तर लगेच दुरुस्त करून देतो. हे पाठांतर नुसत्या पुस्तकावरून होत नाही. उस्तादांनी म्हणायचे, शागिर्दाने ऐकून तसेच म्हणायचे, ही चौदा शतकांची रीत आहे.

तिलावत म्हणजे गाणे नव्हे. पण तोंडून ऐकून शिकण्याची रीत संगीतातही तीच. हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे या गावाच्या नावातच ‘पीर’ आहे. दर्ग्याच्या गावाला कव्वाली नवी नसते. कव्वालांच्या पार्टीत पुढच्या गायकाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. मागे बसून टाळी धरणाऱ्या पोरांना सूर लावायला ज्याने शिकवले, त्या उस्तादाचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत असते.

महाराष्ट्रातल्या अशाच एका दर्ग्याच्या गावात, मिरजेत, एक उस्ताद होऊन गेले. शागिर्द त्यांना आजही विसरलेले नाहीत. ते म्हणजे किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातील कैराना गावचा. बडोदा दरबार सोडून ते महाराष्ट्रात आले. घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी तेव्हाच्या अनेक उस्तादांची रीत होती. खाँसाहेबांनी उलटे केले. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. मुले त्यांच्याजवळ राहून शिकत. मराठी आणि कानडी मुलखातली, हिंदू घरांतली ही पोरे मुसलमान उस्तादांसमोर बसून तंबोऱ्यावर सूर घोटत. या उस्तादांकडे घाई नव्हती. आधी सूर पक्का करायचा, ताना नंतर. रोजा जसा सब्र शिकवतो, तसाच रियाजही.

हदीसमध्ये सांगितले आहे की माणूस गेला की त्याच्या कर्मांचा हिशेब थांबतो. तीन गोष्टींचा मात्र थांबत नाही. एक सदका-ए-जारिया, म्हणजे सतत वाहणारे दान. दुसरे, लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म. तिसरी, दुआ करणारी नेक औलाद.

औलादीच्या बाबतीत खाँसाहेबांच्या वाट्याला दुःख आले. पत्नी ताराबाई माने यांच्याशी त्यांचा संसार मोडला. पाचही मुले आईबरोबर गेली, वडिलांचे नाव मागे राहिले. पण सूर मागे राहिला नाही. त्याच मुलांमधून सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे झाले. नाव बदलले तरी गळा किराण्याचाच राहिला.

आणि इल्म? खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. त्यांच्याकडे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी शिकले. भीमसेनजींनी १९५३ पासून पुण्यात गुरूंच्या नावाने महोत्सव सुरू केला. रोशनआरा बेगम यांनी हा सूर पाकिस्तानात नेला. शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी उस्तादांचे जीवनचरित्र मराठीत लिहिले. शागिर्दाने उस्तादांचे ऋण फेडायचे ते असे.

२७ ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले होते. रेल्वेत छातीत दुखू लागले, म्हणून सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. तिथेच त्यांनी नमाज पढली, दरबारी रागाच्या सुरात कलमा म्हटला आणि प्राण सोडला, असे सांगितले जाते. रमजानचा चाँद दिसायला तेव्हा जेमतेम आठ-दहा दिवस उरले होते. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते दफन आहेत. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. गवई येतात, गाऊन हजेरी लावतात. त्यात हिंदू असतात आणि मुसलमानही. उस्तादांना आठवायची याहून चांगली तऱ्हा कोणती?

रमजानमध्ये जकात निघते, फितरा निघतो, इफ्तारचे ताट शेजारी जाते. पण ज्याच्या खिशात काही नाही, तोही सदका देऊ शकतो. आपल्याला येते ते दुसऱ्याला शिकवणे, हाही सदकाच. मोहल्ल्यात पोरांना नात शिकवणारे, कायदा वाचून घेणारे, शब्द चुकला की प्रेमाने पुन्हा म्हणवून घेणारे उस्ताद आजही गावोगावी आहेत. त्यांच्या नावाने ना महोत्सव होतात, ना सभा. या महिन्यात आई-वडिलांसाठी हात उठतात, तेव्हा ज्याने पहिला ‘अलिफ’ म्हणवून घेतला त्याचेही नाव दुआत असावे. आणि तो हयात असेल, तर ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची पहिली वाटी त्याच्या घरी जावी.