संत्र्याच्या काटोलात ब्रोकोलीचा हिशेब

गेल्या तीन दशकांत ब्रोकोलीचे गुण भरपूर गायले गेले. ती शिजवायची कशी, हा विचार मात्र मागे राहिला. १९९२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलालय यांच्या चमूने ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळे केले. शरीरातल्या घातक द्रव्यांचा निचरा करणाऱ्या एन्झाइमांना ते चालना देते, हे दिसले आणि या भाजीचे नाव जगभर झाले. १९९० च्या दशकातच भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा केटीएस-१’ हे वाण आले. पुढे तारांकित हॉटेलांतली ही भाजी शहरांच्या मंडईत उतरली. तिला थंडी मानवते, त्यामुळे विदर्भातला हिवाळा तिच्या सोयीचा.

संत्र्याच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या काटोलच्या वाचकाला एक तुलना पटकन पटेल. १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे ५३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, तर तेवढ्याच कच्च्या ब्रोकोलीत सुमारे ८९. पण संत्रे सोलून तसेच खाल्ले जाते. ब्रोकोली चुलीवर चढते, आणि भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले की क जीवनसत्त्वाचा बराच भाग त्याबरोबर जातो. सल्फोराफेनचे गणित आणखी नाजूक आहे. भाजी चिरल्यावर मायरोसिनेज हे एन्झाइम ते तयार करते, आणि जास्त उष्णतेने हेच एन्झाइम निकामी होते. म्हणून तुरे चिरून अर्धा-पाऊण तास ठेवावेत, मग तीन-चार मिनिटेच वाफवावेत. देठ फेकू नये. साल काढून तो कोशिंबिरीत किसावा. मोहरीतही मायरोसिनेज असते. शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घातल्यास सल्फोराफेन चौपटीहून अधिक मिळते, असे २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात आढळले. फोडणीत तडतडलेल्या मोहरीचा इथे उपयोग नाही. कच्ची मोहरी फेसून भाजी उतरवल्यावर घालावी.

आवळा, मेथी, शेवगा असताना ही महागडी भाजी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. क जीवनसत्त्वात आवळा संत्रे आणि ब्रोकोली या दोन्हींना मागे टाकतो. ब्रोकोलीवाचून कुणाचे अडत नाही. ती कर्करोग बरा करते, या दाव्यालाही पुरावा नाही. ब्रोकोलीने थायरॉइड बिघडेल ही भीती मात्र आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्याने, बेताने शिजवून खाताना बाळगू नये. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तिच्यातल्या के जीवनसत्त्वामुळे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. तीन दशकांच्या संशोधनातून घ्यायचे ते शिजवण्याचे शहाणपण, आणि ते कोबी-फुलकोबीलाही लागू आहे. ज्याला ब्रोकोली परवडत नाही, त्याने कोबी जरा कमी शिजवला, तरी या संशोधनाचा लाभ त्याच्या ताटात पोचेल.