जुन्या मोटारसायकलींची विद्युत तारजोडणी

जुन्या मोटारसायकलींची विद्युत तारजोडणी म्हणजे वाहनावरील जीर्ण झालेल्या तारांचा संच काढून त्या जागी नवा संच बसविण्याचे काम होय. या संचाला व्यवहारात 'वायरिंग' किंवा 'हार्नेस' म्हणतात. या कामात तारेच्या निवडीपेक्षाही तारांच्या सांध्यांना, म्हणजेच कनेक्टरांना, अधिक महत्त्व असते. कारण जुन्या वाहनांतील पुष्कळसे विद्युत बिघाड तारेच्या मध्यभागी नव्हे, तर तिच्या टोकांशी उद्भवतात.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यातील ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन आदी ब्रिटिश मोटारसायकलींची विद्युत सामग्री प्रामुख्याने बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची असे. याच परंपरेतील रॉयल एनफील्ड 'बुलेट' ही मोटारसायकल १९५५ पासून मद्रास (आताचे चेन्नई) येथे तयार होऊ लागली. आरंभीच्या तारांवर रबराचे आवरण व त्यावर सुती विणीचे वेष्टण असे. दुसऱ्या महायुद्धानंतर पीव्हीसी आवरणाच्या तारा रूढ झाल्या. कालांतराने रबर ठिसूळ होऊन गळून पडते व उघडी पडलेली तार सांगाड्याला टेकून शॉर्टसर्किट होते. अनेक जुन्या वाहनांत फ्यूज एकच असतो किंवा मुळीच नसतो. अशा वेळी तार तापून आग लागण्याचा धोका संभवतो.

सांध्यातील रोध

जुन्या मोटारसायकलींची विद्युत यंत्रणा बहुधा ६ व्होल्टची असते. ३० वॅटचा हेडलाइट ६ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो. मार्गातील एखाद्या सांध्यावर जंगाल चढून ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तर त्या एका ठिकाणी ०.५ व्होल्ट विद्युतदाब वाया जातो आणि सुमारे अडीच वॅट उष्णता सांध्यातच निर्माण होते. तंतूच्या दिव्याचा प्रकाश विद्युतदाबापेक्षा अधिक वेगाने घटत असल्याने एवढ्या घटीमुळे जवळपास चतुर्थांश प्रकाश कमी होतो. याउलट १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध केवळ ०.०१७ ओहमच्या आसपास असतो. म्हणजे एक वाईट सांधा सुमारे सहा मीटर तारेइतका अडथळा करतो. दिवा मंद जळत असल्यास बॅटरी किंवा डायनॅमो बदलण्यापूर्वी सांधे तपासावेत, असे म्हणतात ते यामुळेच.

कनेक्टरांचे प्रकार

बुलेट कनेक्टर : तारेच्या टोकाला पितळेची गोळीच्या आकाराची टोपी बसवून ती रबरी आवरणातील धातूच्या नळीत दाबली जाते. लुकास पद्धतीच्या टोपीचा व्यास ४.७ मिलिमीटर, तर जपानी पद्धतीच्या टोपीचा ३.९ मिलिमीटर असतो. दोन्ही प्रकार एकत्र वापरल्यास सांधा सैल राहतो. नळीची पकड पुनःपुन्हा काढघाल केल्याने ढिली होते. म्हणून टोप्यांबरोबर नळ्याही नव्या घेणे इष्ट ठरते.

चपटे कनेक्टर : ६.३ मिलिमीटर रुंदीची पट्टी खोबणीत सरकवून हा सांधा साधतात. स्विच, रेक्टिफायर, हॉर्न इत्यादी ठिकाणी तो सोयीचा असतो. त्यावर आवरण नसल्यास शेजारच्या धातूशी स्पर्श होण्याचा संभव असतो.

जलरोधक कनेक्टर : यांत प्रत्येक तारेभोवती व दोन भागांच्या मध्ये रबरी सील असते. कोकण किनाऱ्यासारख्या खारट, दमट हवेत व मुसळधार पावसात ते अधिक टिकतात. मात्र आकाराने मोठे असल्याने हेडलाइटच्या कवचात मावतीलच असे नाही.

चेपणे व डाख देणे

टोक तारेवर बसविण्यासाठी ते योग्य अवजाराने चेपतात (क्रिम्पिंग) किंवा त्याला डाख देतात (सोल्डरिंग). डाख तारेच्या पेडांत शिरून काही अंतरापर्यंत पसरतो व तेवढा भाग ताठ होतो. इंजिनाच्या कंपनामुळे ताठ व लवचीक भागांच्या सीमेवर तार तुटू शकते. म्हणून डाख दिलेल्या तारेला सांध्याजवळ आधार देणे आवश्यक असते. साध्या पक्कडीने चेपलेले टोक वरून घट्ट भासले तरी आतील पेड सुटे राहू शकतात. तार हाताने ओढून पाहणे ही प्राथमिक परीक्षा होय.

अर्थिंग

या वाहनांत प्रवाहाचा परतीचा मार्ग बहुधा सांगाड्यातूनच जातो. नूतनीकरणात सांगाड्याला नवा रंग दिला की तो रंगच विद्युतरोधक ठरतो आणि नव्या वायरिंगनंतरही दिवे लागत नाहीत. हेडलाइटचा परतीचा प्रवाह तर हँडलच्या वंगण भरलेल्या बेअरिंगमधून जावा लागतो. यावर उपाय म्हणून हेडलाइट, मागचा दिवा व इंजिन यांपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थ तारा नेतात. १९५० व १९६० च्या दशकांतील अनेक ब्रिटिश मोटारसायकलींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. हे लक्षात न घेता ऋण-अर्थ पद्धतीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसविल्यास तो तत्काळ जळू शकतो.

कार्यपद्धती

जुना संच काढण्यापूर्वी प्रत्येक तारेचा रंग, मार्ग व टोक यांची नोंद किंवा छायाचित्र घेतात. नवा संच वाहनावरच आखून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल इतकी ढील ठेवून, मगच टोके बसवितात. बॅटरीलगत फ्यूज घालतात. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवरील ३५ अँपिअर हा आकडा तो वितळण्याचा असून त्याची सततची क्षमता सुमारे निम्मी असते. त्याजागी ३५ अँपिअरचा आधुनिक फ्यूज वापरणे धोक्याचे ठरते. शेवटी दिवा चालू ठेवून त्याचे अर्थ टोक व बॅटरीचे अर्थ टोक यांमधील विद्युतदाब मल्टिमीटरने मोजतात. तो शून्याच्या जवळ असल्यास परतीचा मार्ग निर्दोष समजतात.

मूळ स्वरूप व सुरक्षितता

प्रदर्शनासाठी जतन केलेल्या वाहनांत सुती वेष्टणाच्या तारा व मूळ पद्धतीचे बुलेट कनेक्टर पसंत केले जातात. नित्य वापराच्या वाहनांत सुरक्षिततेला प्राधान्य मिळते. मूळ रंगसंगती व दिसणारे कनेक्टर कायम ठेवून फ्यूज आणि स्वतंत्र अर्थ तारा टाकीखाली वा आसनाखाली दडविणे, हा या दोहोंमधील प्रचलित मध्यम मार्ग होय.