आखाडा बदलण्याचा लाभ कोणास?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती लागली म्हणजे तिचा निकाल मातीत लागतो. पाठ टेकली की मल्ल चीत झाला. त्यापुढे पंचांचे काही चालत नाही आणि वस्तादाचेही चालत नाही. अमेरिकेतील धंदेवाईक कुस्तीची तऱ्हा मात्र अगदी निराळी आहे. तेथे कोणी जिंकावयाचे, कोणी हरावयाचे, कोणी प्रेक्षकांचा लाडका व्हावयाचे आणि कोणी त्यांचे शिव्याशाप खावयाचे, हे सारे आधी लिहून ठरलेले असते. मल्लांचे आपटणे खरे, दुखापती खऱ्या, वर्षभर गावोगाव फिरण्याचे कष्टही खरे. निकाल तेवढा लेखकांच्या टेबलावर लागतो.

म्हणून ही कुस्ती समजून घ्यावयाची तर तालमीपेक्षा आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांचे स्मरण करणे अधिक उपयोगाचे ठरेल. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील जुन्या रसिकांना तो संसार परिचयाचा होता. पाठांतर चोख, आवाज खणखणीत असा एखादा नट वर्षानुवर्षे भालदार-चोपदाराची कामे करीत राही. कारण नायकाची भूमिका दुसऱ्या कोणासाठी राखलेली असे. अशा नटाने मंडळी बदलली तर त्याचे दैव उघडेल काय? धंदेवाईक कुस्तीच्या शौकिनांमध्ये नेमक्या याच प्रश्नावर नेहमी वाद रंगतो : एका कार्यक्रमातून दुसऱ्या कार्यक्रमात जाण्याचा सर्वांत अधिक लाभ कोणत्या मल्लास होतो?

हा प्रश्न ज्या व्यवस्थेतून उत्पन्न होतो, ती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आज डब्ल्यूडब्ल्यूई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे दोन मुख्य दूरचित्रवाणी कार्यक्रम आहेत. ‘रॉ’ जानेवारी १९९३ मध्ये सुरू झाला; ‘स्मॅकडाउन’ १९९९ साली आला. आरंभी तेच मल्ल दोन्हीकडे दिसत. मार्च २००१ मध्ये या संस्थेने डब्ल्यूसीडब्ल्यू ही आपली प्रतिस्पर्धी संस्था विकत घेतली. स्पर्धा संपली, पण मल्लांची गर्दी झाली. त्यावर तोड म्हणून मार्च २००२ मध्ये मल्लांची दोन कार्यक्रमांत वाटणी करण्यात आली. रॉचा मल्ल रॉमध्येच लढणार, स्मॅकडाउनचा स्मॅकडाउनमध्येच. घरात प्रतिस्पर्धी उरला नाही, म्हणून एकाच घरात दोन चुली मांडल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

ही वाटणी २०११ साली मोडली आणि १९ जुलै २०१६ रोजी पुन्हा करण्यात आली. त्या दिवशीचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्मॅकडाउनने दोन मल्ल निवडले की रॉने तीन निवडावयाचे, असे प्रमाण ठरले होते. कारण रॉ तीन तासांचा होता आणि स्मॅकडाउन दोन तासांचा. म्हणजे वाटणी वस्तुतः मल्लांची नव्हती, वेळेची होती. या धंद्यात वेळ हेच भांडवल होय. ज्याला पडद्यावर दहा मिनिटे मिळतात त्याला बोलता येते, वैर उभे करता येते, प्रेक्षकांच्या मनात शिरता येते. ज्याला दोन मिनिटे मिळतात, त्याने येऊन हरावे आणि परत जावे.

आता लाभाचा विचार. जो आधीच शिखरावर आहे, त्याला कार्यक्रम बदलून फारसे काही मिळत नाही. जून २००५ मध्ये जॉन सीना स्मॅकडाउनमधून रॉमध्ये गेला आणि बतिस्ता रॉमधून स्मॅकडाउनमध्ये आला. दोघेही जाताना आपापले अजिंक्यपदाचे पट्टे खांद्यावर घेऊन गेले. सिंहासने तीच राहिली, राजांनी केवळ राजवाडे बदलले. लाभ झाला तो कार्यक्रमांना. प्रेक्षकांना नव्या लढती पाहावयास मिळाल्या.

मधल्या प्रकाराचे उदाहरण ए. जे. स्टाइल्स याचे देता येईल. जानेवारी २०१६ मध्ये तो या संस्थेत आला. त्याच वर्षीच्या वाटणीत त्याला स्मॅकडाउन मिळाले आणि ११ सप्टेंबर रोजी डीन अँब्रोजचा पराभव करून तो संस्थेचा विजेता झाला. यात वाटणीचा हातभार निश्चित होता. परंतु स्टाइल्स येण्यापूर्वीच जपानमध्ये आणि अमेरिकेतील अन्य संस्थांत नावाजलेला होता. ऑगस्टमध्ये त्याने सीनावर विजयही मिळविला होता. त्याची गाडी धावत होतीच. तिला रस्ता थोडा मोकळा मिळाला इतकेच.

खरा लाभ कोणाला होतो, याचे उत्तर जिंदर महाल या मल्लाच्या कथेत सापडते. त्याचे मूळ नाव युवराजसिंग धेसी. १९८६ साली कॅनडातील कॅलगरी येथे एका पंजाबी कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याचे काका ‘गामा सिंग’ या नावाने त्याच शहरातील आखाड्यात गाजलेले होते. २०११ साली महाल पडद्यावर आला तो ग्रेट खलीच्या जोडीने. पुढे हीथ स्लेटर व ड्रू मॅकिंटायर यांच्यासह त्याला एका विनोदी त्रिकुटात घालण्यात आले. वाद्यवृंदातील गायक-वादक असल्याचा आव आणावयाचा आणि मार खावयाचा, हेच त्या त्रिकुटाचे काम. जून २०१४ मध्ये महाल व मॅकिंटायर या दोघांना एकाच दिवशी नोकरीतून कमी करण्यात आले.

दोन वर्षांनी, २०१६ च्या वाटणीनंतर दोन्ही कार्यक्रमांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा महालला पुन्हा बोलावणे आले. तो रॉमध्ये परतला. शरीर त्याने विलक्षण कमावले होते. पण काम जुनेच, म्हणजे इतरांना मोठे करण्यासाठी हरण्याचे. १० एप्रिल २०१७ च्या रॉमध्ये फिन बॅलरने त्याला हरविले. दुसऱ्याच दिवशी त्याची बदली स्मॅकडाउनमध्ये झाल्याचे जाहीर झाले. १८ एप्रिल रोजी सहा जणांच्या लढतीत तो जिंकला आणि अजिंक्यपदाचा आव्हानवीर ठरला. २१ मे रोजी शिकागोजवळच्या रोझमाँट येथे रँडी ऑर्टनला हरवून तो या संस्थेचा पन्नासावा विजेता झाला. रॉमधील त्या पराभवापासून या विजयापर्यंत अवघे ४१ दिवस गेले होते.

एवढ्या थोड्या दिवसांत मल्लाचे बळ किंवा कसब किती बदलणार? बदलली ती त्याच्या भोवतीची मांडणी. रॉमध्ये त्या वेळी रोमन रेन्स, सेथ रॉलिन्स, ब्रॉन स्ट्रोमन असे मल्ल रांगेच्या तोंडाशी उभे होते आणि पट्टा ब्रॉक लेस्नरपाशी होता. त्या रांगेत महालचा क्रमांक कोठे लागणार? स्मॅकडाउनमध्ये परिस्थिती उलट होती. तेथील विजेता ऑर्टन हा प्रेक्षकांचा नायक होता आणि नायकाला खलनायक लागतो. पण त्याचा जुना वैरी ब्रे वायट त्याच फेरबदलात रॉकडे गेला. द मिझ हा मुरलेला खलनायकही तिकडेच गेला. स्टाइल्स हळूहळू नायकाच्या बाजूला झुकत होता; केव्हिन ओवेन्सपाशी दुसरा पट्टा असल्यामुळे तो निराळ्या कथेत गुंतलेला होता. थोडक्यात, एका कार्यक्रमाच्या ऐन मध्यभागी एक जागा रिकामी झाली होती आणि त्या जागेला शोभेल असा आडदांड देह असलेला माणूस नेमका त्याच दिवशी दारात उभा राहिला.

याच्या जोडीला बाजाराचेही कारण होते. भारतात या कुस्तीचा प्रेक्षकवर्ग फार मोठा आहे आणि संस्थेचे त्याकडे लक्ष होते, हे उघड आहे. कॅलगरीत जन्मलेल्या या मल्लाला ‘आधुनिक महाराजा’ असे बिरुद देण्यात आले. डोक्याला पगडी आली, सोबतीला सिंग बंधू आले, भाषणांत पंजाबी आली. गंमत अशी की, भारतातील प्रेक्षकांना ज्याचा अभिमान वाटावा, त्यालाच अमेरिकेतील प्रेक्षकांपुढे परदेशी म्हणून हिणवून घ्यावे लागत होते. एकाच मुखवट्याने दोन देशांत दोन भूमिका वठविणे ही सोपी गोष्ट नव्हे.

महालचा पट्टा १७० दिवस टिकला. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे ए. जे. स्टाइल्सने तो जिंकून घेतला. अवघ्या महिन्याभराने, ९ डिसेंबरला, दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये संस्थेचा खेळ झाला. ज्या प्रेक्षकांसाठी त्याला महाराजा केले असे मानले जात होते, त्यांच्यापुढे तो आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पट्टा नव्हता. त्या रात्री ट्रिपल एचने त्याला हरविले आणि मग दोघांनी मिळून आखाड्यात भांगड्याचा ठेका धरला. प्रेक्षक खूष झाले. परंतु या धंद्यात दान कोण देतो आणि परत कोण घेतो, हे त्या एका दृश्यातून स्पष्ट झाले.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. एप्रिल २०१८ मध्ये महालने दुसऱ्या दर्जाचे अमेरिकन अजिंक्यपद मिळविले आणि आठवडाभरातच, १६ एप्रिल रोजी, त्याची पुन्हा रॉमध्ये बदली झाली. त्याच रात्री जेफ हार्डीने त्याच्याकडून तो पट्टा घेतला. मल्ल तोच, शरीर तेच, बिरुदही तेच. पण रॉमध्ये त्याच्यासाठी रिकामी जागा नव्हती. ज्या बदलीने एकदा त्याला शिखरावर नेले होते, त्याच बदलीने दुसऱ्या वेळी त्याला खाली आणले. स्थलांतर हे स्वतः ना शुभ असते ना अशुभ; पलीकडे काय वाढून ठेवले आहे, यावर सारे अवलंबून असते.

योगायोग असा की, त्याच रात्री रॉमध्ये आणखी एक मल्ल दाखल झाला. तो म्हणजे महालचा जुना सोबती ड्रू मॅकिंटायर. २०१४ साली कमी केल्यानंतर त्याने ब्रिटनमधील आणि अमेरिकेतील लहान-मोठ्या आखाड्यांतून आपले नाव नव्याने उभे केले होते. संस्थेने त्याला २०१७ साली परत घेतले, ते प्रथम तिच्या तिसऱ्या, ‘एनएक्सटी’ या कार्यक्रमात. रॉमध्ये आल्यावरही मुख्य पट्ट्यासाठी त्याला दोन वर्षे थांबावे लागले. एप्रिल २०२० मध्ये, साथीमुळे प्रेक्षागृह रिकामे असताना, त्याने ब्रॉक लेस्नरला हरवून तो पट्टा जिंकला. महालवर त्या काळी अशी टीका होत असे की, त्याच्या लढतींत वैविध्य नाही. टीका अगदीच निराधार नव्हती. पण जो माणूस वर्षानुवर्षे दोन-दोन मिनिटांच्या लढती हरत आला, त्याला लांब लढत रंगविण्याचा सराव कोठून होणार? मॅकिंटायरला हा सराव बाहेरच्या आखाड्यांत मिळाला आणि मोठे काम त्यानंतर आले. महालकडे मोठे काम आधी आले. सराव त्याला सिंहासनावर बसल्यानंतर करावा लागला.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. कार्यक्रम बदलण्याचा सर्वांत अधिक लाभ शिखरावरच्या मल्लास होत नाही. त्याला गमावण्यासारखेच अधिक असते. ज्याच्या अंगी काहीच तयारी नाही, त्यालाही होत नाही. तो दुसऱ्या दारातही उपराच राहतो. लाभ होतो तो ज्याची तयारी आहे पण वाट अडलेली आहे, अशा मधल्या मल्लास. आणि तोही पलीकडे नेमकी त्याच्या जोगी जागा रिकामी असेल तेव्हाच. म्हणून अमक्याने रॉ सोडावे की स्मॅकडाउन सोडावे, असा वाद घालणाऱ्या शौकिनाने त्या मल्लाच्या गुणांबरोबरच दोन गोष्टी पाहाव्यात. पट्टा कोणापाशी आहे, ही एक. त्या पट्टाधारकाला प्रतिस्पर्धी कोणत्या प्रकारचा हवा आहे, ही दुसरी.

मात्र बदलीने मिळते ते दार. घर मिळत नाही. दार उघडणारा हात दुसऱ्याचा असतो आणि तोच ते केव्हाही लोटू शकतो. जिंदर महालला संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा एकदा निरोप दिला. तरीही संस्थेच्या विजेत्यांच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकावर त्याचे नाव आहे, आणि ते आता कोणालाही खोडता यावयाचे नाही. १० एप्रिल २०१७ च्या संध्याकाळी हरून परत जाणाऱ्या त्या मल्लाला कोणी असे भाकीत सांगितले असते, तर त्याने ते थट्टेवारीच नेले असते.