तळ्यांत कोणते मासे एकत्र नांदतात ?

२०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाल्यापासून महाराष्ट्रांत पुष्कळ रानांत तळीं झालीं. त्या पाण्यावर पीक जगतें आणि त्याच पाण्यांत मासे पाळल्यास दुसरें उत्पन्न निघतें, हें आतां बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु मासे कोणते सोडावे, हें पुष्कळदां केवळ बाजारभावावरून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ठरविलें जातें. परिणाम असा होतो कीं, एक जात दुसरीचें अन्न खाऊन दोन्ही खुरटतात, अथवा एखादी हिंस्र जात बाकीच्यांचा फडशा पाडते, आणि वर्षाची मेहनत व भांडवल वायां जातें. सबब कोणता मासा कोणाशेजारीं नांदतो, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आंतरपीक घेतांना जाणता शेतकरी मुळांचा विचार करतो. तुरीचें सोटमूळ खोल जातें, ज्वारीचीं तंतुमुळें वरच्या थरांत पसरतात. म्हणून तीं दोन पिकें एका रानांत निभतात. माशांच्या बाबतींत मुळांच्या जागीं तोंड पाहावें. कटल्याचें तोंड वर वळलेलें असतें. तो पृष्ठभागाजवळील सूक्ष्म प्राणी गिळतो. रोहूचें तोंड किंचित् खालीं झुकलेलें व ओठ झालरीसारखे असतात. तो मधल्या थरांत राहून शेवाळ व वनस्पतींचे कुजके अंश खातो. मृगळाचें तोंड तळाकडे असून गाळांतील सडका पाला व सूक्ष्म जीव हें त्याचें अन्न होय. हे तिघे एकमेकांस खात नाहींत आणि एकमेकांच्या ताटांतही फारसा हात घालीत नाहींत. याकरितां नवशिक्यानें या तीन जातींपासूनच आरंभ करावा. प्रमाण दहांत कटला ४, रोहू ३ व मृगळ ३ असें ठेवावें.

यांच्या जोडीस तीन परदेशी जाती घेतां येतात. पण प्रत्येकीची अट निराळी आहे. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, हा पाणगवत व कोवळा चारा खातो. हें अन्न वरील तिघांच्या उपयोगाचें नसतें, आणि गवत्याच्या अर्धवट पचलेल्या विष्ठेनें पाण्यास खत मिळतें. गवत माजणाऱ्या तळ्यांत तो उत्तम सोबती होय. गवत नसेल तर रोज चारा घालण्याची तयारी हवी. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, हा सर्वभक्षी असून तळ उकरतो. त्यामुळें मातीचे बांध खचतात व पाणी गढूळ होतें. शिवाय तो स्थिर पाण्यांतही अंडीं घालतो. मग गर्दी होऊन सर्वच मासे लहान राहतात. मृगळाच्या अन्नांतही त्याचा वाटा पडतो. सबब तो घेतल्यास मृगळ तितका कमी करावा.

चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, याविषयीं विशेष सावधगिरी हवी. तो मुख्यत्वें सूक्ष्म वनस्पती खातो, म्हणून कटल्याशीं त्याचा तंटा नसावा असें प्रथम वाटतें. परंतु दोघांचा थर एकच, आणि चंदेरा झपाट्यानें वाढणारा. सतलज नदीवरील भाक्रा धरणाच्या गोविंदसागर जलाशयांत १९७१ सालीं पुराबरोबर हा मासा शिरला. पुढें तेथें तोच मुख्य होऊन बसला व कटल्याचें उत्पन्न घसरलें. शेततळ्याच्या स्थिर पाण्यांत चंदेरा अंडीं घालीत नाहीं, त्यामुळें त्याची संख्या आपल्या हातीं असते. कटला व चंदेरा मिळून दहांत ४ हून अधिक नसावे. कटल्यास चांगली मागणी असेल तेथें चंदेरा न घेतलेलाच बरा. परदेशी जाती ओढ्यांत जाऊं नयेत म्हणून सांडव्यावर जाळी लावावी.

मरळ, शिवडा व शिंगाळा यांस भाव येतो; पण हे मांसभक्षक असल्यामुळें कार्प जातींच्या बीजांत यांस स्थान नाहीं. थाई मांगूर तर पाळूंच नये. त्यावर सरकारची बंदी आहे. जुन्या तळ्यांत हिंस्र मासे आधींच असतात. उन्हाळ्यांत तळें कोरडें करणें हा त्यावर सर्वांत स्वस्त उपाय होय. तें न साधल्यास एक मीटर खोल पाण्यास हेक्टरी सुमारें २,५०० किलो मोहाची पेंड घालतात. नंतर विष उतरण्यास निदान तीन आठवडे द्यावे.

पूर्वीं नदींत धरलेल्या बीजांत अशा जातींचीं पिलें मिसळलेलीं असत. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनीं संप्रेरकाच्या साहाय्यानें कार्प माशांचें प्रजनन घडवून आणलें. तेव्हांपासून जातवार बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणून बीज खात्रीच्या केंद्रांतूनच, बोटभर लांबीचें व सारख्या आकाराचें घ्यावें.

सोबत जुळली तरी गर्दी चालत नाहीं. दीड ते दोन मीटर पाणी राहणाऱ्या तळ्यांत हेक्टरी सुमारें ५,०००, म्हणजे गुंठ्यास ५० नग पुरेत. वीस गुंठ्यांच्या तळ्यास कटला ४००, रोहू ३०० व मृगळ ३०० असा हिशेब येतो. प्लॅस्टिकचें अस्तर घातलेल्या तळ्यांत तळाशीं गाळ नसतो. तेथें मृगळ कमी करून भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड नियमानें घालावी. पहांटे मासे तोंड वर काढून हवा गिळतांना दिसले तर पाण्यांतील प्राणवायू कमी पडला असें समजावें, खाद्य थांबवावें व ताजें पाणी सोडावें.

बीज विकत घेण्यापूर्वीं प्रत्येक जातीविषयीं तीन प्रश्न विचारावे : ती कोणत्या थरांत राहते, काय खाते आणि आपल्या तळ्यांत तिचें अन्न आहे काय ? यांचें उत्तर मिळाल्यावरच भाव पाहावा.